सुकलेली बकुळ घेऊन प्रदर्शनाला

गाडीच्या डिकीत पोत्यात गुंडाळलेलं एक मेलेलं झाड, प्लास्टिकच्या बाटलीत बोअरचं पाणी आणि डब्यात धपाटे. एवढा ऐवज घेऊन पहाटे चारला लातूर सोडलं. शेजारी आमचे माळीमामा, कानाला मफलर आणि पायाशी खुरपं. प्रदर्शनाला खुरपं कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाले, "असू द्या ताई. हातात काही नसलं की मला कसंतरीच व्हतंय."

मी बागेची कामं घेते. बंगले, दवाखाने, शाळा, एमआयडीसीतल्या कंपन्या, जिथं मिळेल तिथं. लागवड करून द्यायची आणि पुढं वर्षाच्या देखभालीचा करार करायचा. छत्रपती संभाजीनगरला बागकामाच्या धंद्यातल्या लोकांसाठी दोन दिवसांचं छोटं प्रदर्शन भरणार असल्याचं कळलं, तेव्हा एरवी मी गेले नसते. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, उन्हाळा तोंडावर, प्रत्येक साइटवर ठिबकची दुरुस्ती चाललेली. पण त्या मेलेल्या झाडानं मला झोपू दिलं नव्हतं.

झालं होतं असं. जुलैत एका शाळेच्या आवारात कंपाऊंडच्या कडेनं आम्ही साठ बकुळी लावल्या. पाच-साडेपाच फूट उंचीच्या, १५ बाय १५ च्या पिशवीतल्या, हिरव्यागार. पाऊस होता तोवर एकाही पानाला धक्का नव्हता. दिवाळीनंतर शेंड्याची पानं कडेनं तपकिरी व्हायला लागली आणि संक्रांतीपर्यंत बावीस झाडं वाळली. संस्थेच्या बैठकीत सरळ सांगितलं गेलं की माळी पाणी घालत नाही. मामा समोर उभे असताना. तीस वर्षं ज्या माणसाच्या हातात पाण्याचा पाइप आहे, तो माणूस मान खाली घालून उभा राहिला आणि एक शब्द बोलला नाही. माझ्या बिलाचा शेवटचा हप्ता अडकला याचं मला दुःख होतंच, पण त्याहून जास्त त्या उभ्या राहण्याचं होतं.

कारण पाणी घातलं होतं. दिवसाआड ठिबक चालत होतं. मी स्वतः खड्ड्याच्या कडेची माती उकरून पाहिली होती, मुठीत दाबली की गोळा होत होता. मग ओल्या मातीत झाड वाळतं कसं? खताचं दुकान म्हणालं बुरशी, औषधाचा माणूस म्हणाला मुळं खाणारी हुमणी. दोघांनी आपापली बाटली विकली, आणि झाडं वाळतच राहिली. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही एक वाळलेली बकुळ मुळासकट काढली, मुळांभोवतीचा मातीचा गड्डा फुटू न देता ओल्या पोत्यात बांधली आणि डिकीत ठेवली.

अंबाजोगाई, केज करत मांजरसुंब्याला पोचलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. घाटात पळस पेटलेला. बालाघाटाच्या त्या खडकाळ, मुरमाड उतारावर त्याला कुणी पाणी घातलेलं नाही, कुणी खत टाकलेलं नाही. मामा काचेतून बघत राहिले. शहागडला गोदावरीच्या पुलावर त्यांनी हात जोडले. ही नदी त्या दिवशी पुन्हा एकदा आमच्या बोलण्यात येणार होती, हे तेव्हा माहीत नव्हतं.

प्रदर्शन जालना रोडवरच्या एका मंगल कार्यालयात होतं. चाळीसेक स्टॉल असतील. अर्धे हॉलमध्ये, अर्धे मागच्या मोकळ्या जागेत मांडवाखाली. नावनोंदणीच्या टेबलावरच्या मुलानं माझं कार्ड घेतलं, बिल्ला दिला आणि मामांकडं बघून विचारलं, "हे सोबत आलेत का?" मी म्हटलं, तेही याच व्यवसायातले आहेत, त्यांचाही बिल्ला करा. हुद्दा काय लिहू? मी सांगितलं, उद्यान देखभाल. त्यानं मुकाट्यानं लिहून दिलं. मामांनी बिल्ला शर्टावर सरळ केला आणि मग दिवसभर एकदाही काढला नाही. एवढ्या सगळ्या गर्दीत मालक होते, आर्किटेक्ट होते, कंपन्यांचे अधिकारी होते, रोपवाटिकावाले होते. पाइप धरणारा माणूस मात्र मला दुसरा दिसला नाही. ज्यांच्या हातून झाड जगतं किंवा मरतं, त्यांना आपण या गोष्टी दाखवायला कधीच आणत नाही. माझंही इतकी वर्षं तेच चुकलं.

दारातच कृत्रिम हिरवळीचा स्टॉल. पस्तीस मिलिमीटरची, चाळीस मिलिमीटरची, बाल्कनीसाठी, टेरेससाठी. मला त्यात फारसा रस नाही, पण गच्चीवाली गिऱ्हाइकं हल्ली विचारतात म्हणून थांबले. नमुन्याचा एक तुकडा बाहेर उन्हात अंथरला होता. मामांनी चप्पल काढून त्यावर पाय ठेवला आणि लगेच उचलला. शेजारच्या मातीवर ठेवला, पुन्हा तुकड्यावर ठेवला. "ताई, पाय ठेवून बगा." फेब्रुवारीतले साडेदहा वाजले होते आणि तळवा टेकवत नव्हता. मे महिन्यात परभणीत किंवा नांदेडात ४२-४३ अंशाला हे काय होईल? तिथल्या मुलीनं प्रामाणिकपणे सांगितलं की सावलीत किंवा घराच्या आतच लावा, उघड्यावर लावायची असेल तर वापरण्याआधी पाणी मारावं लागतं. मी तेवढं वहीत लिहिलं. शाळेच्या खेळाच्या कोपऱ्यासाठी एकानं हीच मागितली होती, त्याला आता नाही म्हणून सांगायचं.

ठिबकच्या स्टॉलवर आमचा तासभर गेला. तिथला मुलगा तिशीतला होता, जमिनीवर बसून काम केलेला वाटला, कारण त्यानं माहितीपत्रक हातात कोंबण्याआधी विचारलं, "पाणी कुठलं आहे?" मी बाटली काढली. त्यानं मीटर बुडवला. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, १,३८०. "बोअर?" बोअर. मग त्यानं माझ्याकडं न बघता मामांकडं बघून विचारलं, "काका, ड्रीपरच्या तोंडाशी पांढरं साचतं का?" मामा खुलले. साचतं म्हणजे काय, मिठाच्या खड्यासारखं साचतं, नखानं खरवडावं लागतं. पुढच्या दोन झाडांना धार आणि शेवटच्या चारांना थेंब नाही.

ते पांढरं म्हणजे पाण्यातला चुना. मराठवाड्यातल्या खोल बोअरच्या पाण्यात तो भरपूर, आणि लॅटरल, म्हणजे ड्रीपर बसवलेली बारीक नळी, उन्हात तापली की तो छिद्रापाशीच खडा होऊन बसतो. त्यानं सांगितलेल्या गोष्टी नव्या नव्हत्या, पण आम्ही एकही नीट करत नव्हतो. साधी जाळी काढून १२० मेशचा डिस्क फिल्टर बसवा. दर पंधरा दिवसांनी लॅटरलची शेवटची टोकं उघडून पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत सोडा. वर्षातून दोनदा आम्ल सोडा, पण बादलीत आधी पाणी आणि मग त्यात आम्ल, उलट कधीच नाही. लांब ओळ असेल किंवा जमीन उताराची असेल तर दाब सारखा ठेवणारे ड्रीपर घ्या, म्हणजे पहिल्या झाडाला आणि साठाव्या झाडाला तेवढंच पाणी मिळेल. मोबाइलवरून चालणारा कंट्रोलरही तिथं होता, जमिनीत ओल मोजणाऱ्या सळईसह. सुंदर वस्तू आहे. पण आमच्याकडं दुपारी वीज जाते, शाळेत वाय-फाय आहे ते ऑफिसात, आणि व्हॉल्व्ह आहे मागच्या भिंतीला. बॅटरीवर चालणारा साधा टायमर घेतला. मामांनी त्याची बटणं तीनदा दाबून स्वतः वेळ लावून पाहिली, तेव्हाच पैसे दिले.

हिरवळीच्या गाद्या विकणारे तीन स्टॉल ओळीनं होते. मेक्सिकन, सिलेक्शन वन, पास्पालम अशा गवताच्या जाती. मेक्सिकन दिसायला मऊ, गालिच्यासारखं, गिऱ्हाइकाला फोटोत तेच हवं असतं. इथं माझं मन नेहमी अडतं. एक मिलिमीटर पाणी एक चौरस मीटरवर म्हणजे एक लिटर, हा साधा हिशेब आहे. पाच हजार चौरस फुटांची हिरवळ म्हणजे सुमारे ४६५ चौरस मीटर. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर धरले तरी दिवसाला २,३०० लिटरच्या पुढं. दोन दिवसांत पाच हजार लिटरचा टँकर संपला. आणि मी लातूरची आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं आमच्या शहरात पिण्याचं पाणी आलं, ते मी स्टेशनजवळ उभं राहून पाहिलं आहे. नळाला पाणी कधी येईल त्यावर लग्नाच्या तारखा ठरत होत्या. त्या वर्षी माझ्या हातून लावलेल्या सगळ्या हिरवळी गेल्या आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही, त्या लावल्याचं वाटलं. तेव्हापासून कोटेशन देताना मी पहिल्या पानावर पाण्याचा हिशेब लिहिते आणि मगच झाडांची यादी. काही कामं त्यामुळं हातची जातात. जाऊ देत. हिरवळ हवीच असेल तर बसायच्या जागेपुरती लावू, सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प असेल तर थोडी जास्त लावू, बाकी मुरूम, फरशी, झुडपं आणि सावली.

त्यातल्या एका गादीवाल्यानं मला हे सगळं ऐकवू दिलं आणि मग म्हणाला, "मॅडम, मी पण बीडचा आहे. माझ्या स्वतःच्या घरापुढं हरळीच आहे." त्याचा नंबर मी घेतला.

कोकोपीटवाल्याकडं आम्ही पाच किलोची एक वीट फोडून घेतली. वरून सगळ्या विटा सारख्याच. फरक मिठात असतो. नारळाची सालं खाऱ्या पाण्यात भिजवलेली असतील आणि पीट धुतलं नसेल तर त्यातलं मीठ कुंडीतल्या रोपाची पानं जाळतं. माझ्याजवळ क्षार मोजणारा ईसी मीटर होता. मूठभर पीट पाण्यात कालवून मोजलं, तर वेष्टणावर छापलेल्या आकड्याच्या दुपटीहून वर. विकणाऱ्यालाही ते खरंच माहीत नव्हतं, त्यानं दुसऱ्या लॉटमधली वीट आणून दिली, ती चांगली निघाली. वीस विटांची ऑर्डर दिली, लॉट नंबर लिहून घेऊन.

एका जागी मात्र मी वाद घातला. कोनोकार्पसची रोपं ओळीनं मांडलेली, 'जलद वाढणारी हिरवी भिंत' असा फलक. झाड वाढतं भराभर, हे खरं. पण त्याची मुळं जमिनीखालच्या पाइपांत आणि गटारांत घुसतात, परागकणांचा लोकांना त्रास होतो अशा तक्रारी झाल्या, आणि गुजरातनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी आणली. हे मी त्या स्टॉलवाल्यांना सांगितलं. ते म्हणाले, महाराष्ट्रात मागणी आहे, कंपन्यांना हिरवा पट्टा एका वर्षात दाखवायचा असतो. ते खोटं नाही. पर्यावरण मंजुरीत जागेचा ठरावीक हिस्सा हिरवा पट्टा म्हणून दाखवायची अट असते आणि तपासणी जवळ आली की फोन येतात. पण करंज आहे, कडुनिंब आहे, आपटा, बहावा, कांचन आहेत. दोन वर्षं जास्त लागतील. फुलपाखरू येईल, पक्षी बसेल, फांदी तोडली तर पुन्हा फुटेल. मी कुणालाही कोनोकार्पस लावून देत नाही आणि देणार नाही.

दुपारी मांडवाच्या कडेला सावलीत डबे सोडले. आमचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि जालन्याहून आलेल्या एका बाईंनी पुढं केलेली मोसंबी. त्याही बागेचीच कामं घेतात, गेली सहा वर्षं. दोघी-तिघी बसल्यावर बोलणं पैशावर येणारच. करारात झाडं जगण्याचं प्रमाण लिहिलेलं असतं, ९० टक्के. त्याखाली गेलं की पैसे अडकतात. पण टाकी कोरडी पडली, गेट उघडं राहून शेळ्या शिरल्या, लग्नाच्या मांडवाचे खांब आळ्यात रोवले गेले, तरी मेलेलं झाड आमच्याच खात्यावर. त्या बाईंनी आता करारात पाणी पुरवण्याची जबाबदारी मालकाची, आणि महिन्याच्या महिन्याला दोघांच्या सहीनं झाडांची मोजदाद, अशी दोन कलमं घातली आहेत. त्यांनी मला मोबाइलवर तो मसुदा पाठवला. प्रदर्शनात फुकट मिळालेल्या गोष्टींत ही सगळ्यांत मोलाची.

जेवणानंतर हॉलमध्ये परभणीच्या कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेल्या एका प्राध्यापकांचं व्याख्यान होतं. खुर्च्या शंभर आणि माणसं पंचवीस. विषय चुनखडीच्या जमिनीतल्या पिवळ्या पानांचा. एक्झोरा लावला की वर्षभरात पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हे आमच्या भागात घराघरापुढं दिसतं आणि आम्ही मूठमूठ हिराकस टाकत राहतो. सरांनी सांगितलं, मातीत लोह असतंच, पण सामू (पीएच) आठच्या वर आणि चुना भरपूर असला की ते मुळांना घेता येत नाही, आणि वरून टाकलेल्या हिराकसाचीही मातीत तीच गत होते. अशा जमिनीत ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे चुन्यातही मुळांना घेता येईल असं लोह, मुळाशी द्यावं लागतं, नाहीतर पानांवर फवारा. आणि मग त्यांनी चष्मा काढून म्हटलं, की त्याहून बरं म्हणजे चुनखडीत एक्झोरा लावूच नका, टिकोमा लावा, तगर लावा. मामांनी मला कोपरानं ढोसलं. तगरीचं ते मला चार वर्षांपासून सांगत आहेत.

आता बकुळीचं. सकाळपासून ते पोतं मी चार ठिकाणी उघडून दाखवलं होतं. चौथ्या ठिकाणी तर माणसानं गड्ड्याकडं न बघता बुरशीनाशकाची किंमत सांगितली. शेवटच्या रांगेत, पाण्याच्या टाकीजवळ, नांदेडकडचे एक रोपवाटिकावाले काका बसले होते. ना फलक, ना माहितीपत्रक. पन्नासेक रोपं आणि एक बादली. मी पोतं खाली ठेवलं. त्यांनी खोड धरून गड्डा फिरवला, बोटानं टिचकी मारली, आणि पहिला प्रश्न विचारला, "कडियमचा माल का?"

हो. आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळचं कडियम. आपल्याकडच्या बऱ्याच रोपवाटिकांत तिथून ट्रक येतात. पैठणहून, शहागडहून, नांदेडहून वाहत गेलेली गोदावरी समुद्राला मिळण्याआधी त्या भागाला पाणी देते. सकाळी पुलावर ज्या नदीला मामांनी हात जोडले, तिच्याच खालच्या अंगाला ही बकुळ वाढली होती.

काकांनी विळा मागितला. विळा नव्हता, मामांनी खुरपं पुढं केलं. काकांनी गड्डा आडवा पाडला आणि खुरप्यानं मधोमध चिरला. आम्ही तिघंही खाली वाकलो.

बाहेरून बोटभर जाडीची काळी माती, आमच्या खड्ड्यातली, अजून ओलसर. हाताला चिकटत होती. तिच्या आत तांबडा गोळा, विटेसारखा. त्या तांबड्याला खुरप्याचं टोक लागलं तर पिठासारखी कोरडी माती भुरभुरली. आणि दोन्हींच्या मधे कागद जाईल एवढी फट, सगळीकडून. मुळं त्या फटीपर्यंत आलेली, पिशवीचा आकार धरून गोल गोल वळलेली, एकमेकांवर चढलेली. काळ्या मातीत उतरलेलं एकही मूळ नव्हतं. सात महिन्यांत एकही नाही.

काकांनी अर्धा गड्डा बादलीत बुडवला. बुडबुडे आले. आपण बोलू, म्हणाले, आणि दहा-पंधरा मिनिटं रोपांचे भाव सांगत बसले. मग गड्डा बाहेर काढला, पुन्हा मोडला. वरचा पाऊण इंच चिखल, आत तसाच कोरडा.

"पाणी कुणी घालत होतं?" त्यांनी विचारलं.

मामा म्हणाले, "म्या."

"तुमचं पाणी बरोबर होतं. झाडापर्यंत गेलं नाही."

मामा काही बोलले नाहीत. खुरपं पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "म्या म्हणत व्हतो ना ताई, पाणी घातलंय म्हणून." मी म्हटलं, हो मामा, म्हणत होता.

काकांनी सगळं उलगडून सांगितलं. कडियमची तांबडी चिकण माती पिशवीत घट्ट बसवलेली असते, कारण एवढ्या लांबच्या प्रवासात गड्डा फुटायला नको. एकदा पूर्ण वाळली की ती सहजी पाणी घेत नाही. आमची काळी माती उलट. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगा पडतात. पावसाळ्यात दोन्ही ओल्या, एकमेकींना चिकटून, म्हणून झाडं हिरवी. पाऊस सरला, काळी माती आकसून गड्ड्यापासून सुटली, फट पडली. वरून दिलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली. आणि आम्ही ड्रीपर ठेवला होता खोडापासून फूटभर लांब, खड्ड्याच्या कडेला, मोठ्या झाडाला ठेवतात तसा. म्हणजे पाणी काळ्या मातीला मिळत होतं आणि मुळं तांबड्यात कोंडलेली होती. मी उकरून जी ओल पाहिली, ती झाडाच्या कामाचीच नव्हती.

मग उपाय. नवा माल आला की थेट साइटवर न्यायचा नाही, महिनाभर शेडनेटखाली ठेवून इथल्या हवेची सवय लावायची. लावताना पिशवी पूर्ण काढायची, आमची मुलं घाईत नुसता तळ फाडतात ते बंद. गड्ड्याची बाहेरची इंचभर माती हातानं मोकळी करायची, वळलेली मुळं तीन-चार ठिकाणी उभी चिरायची, म्हणजे टोकं बाहेरच्या दिशेनं फुटतात. खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करायचा. भरताना निघालेलीच माती, त्यात मुरूम आणि शेणखत. गड्डा जमिनीच्या दोन बोटं वर राहील असा बसवायचा, नाहीतर आषाढात काळ्या मातीत पाणी तुंबून मुळं कुजतात. पहिले तीन महिने दोन ड्रीपर थेट गड्ड्यावर, नंतर हळूहळू बाहेर सरकवायचे. वर सोयाबीनच्या गुळीचं, म्हणजे भुसकटाचं, चार बोटं आच्छादन, खोडाला न लागेल असं, नाहीतर वाळवी चढते. आच्छादन असलं की माती लवकर वाळत नाही आणि भेग पडत नाही.

जी लावलेली आहेत आणि जिवंत आहेत त्यांचं काय? त्यासाठी बारा एमएमची सळई घ्या, म्हणाले, गड्ड्यात पाच-सहा ठिकाणी हलक्या हातानं वीतभर घाला, भोकात जाड वाळू आणि कुजलेलं खत भरा, आणि पाइपाची धार अगदी बारीक करून एकेका झाडाला अर्धा तास पाणी द्या. आणि भेगा मातीनं बुजवून घ्या.

मी विचारलं, काका, हे तुम्ही फलकावर का लिहीत नाही? ते म्हणाले, "विचारणारा गड्डा घेऊन येतो कुठं? भाव विचारतो आणि जातो." त्यांच्याकडून बावीस बकुळी घेतल्या, त्यांनी दोन महिने सांभाळलेल्या, काळी माती मिसळून पिशव्या बदललेल्या. कडियमच्या मालापेक्षा प्रत्येकी साठ रुपये जास्त पडले.

खड्डे खोदायचं मशीन, शहाबादी आणि काळ्या दगडाचे नमुने, दिवे, कारंजी हे सगळं आम्ही परतीच्या घाईत उभ्या उभ्या पाहिलं. खोदायचं मशीन पेट्रोलवर चालतं आणि मुरमात अडकतं, हे मला आधीच ठाऊक होतं. काळ्या चिकण मातीत ते खड्ड्याची बाजू घोटून गुळगुळीत करतं, ती नंतर पहारीनं खरवडावी लागते, नाहीतर मूळ तिथंही तसंच गोल फिरतं. मामांनीच हे विकणाऱ्या मुलाला समजावून सांगितलं. आता ते बोलायला लागले होते. बीडपर्यंत रस्ताभर बोलत होते.

दोन दिवसांनी शाळेत गेलो. संस्थेचे दोन पदाधिकारी आणि मुख्याध्यापक मी बोलावून घेतले होते. समजावणार होते मी, कागदावर आकृतीसुद्धा काढून नेली होती. मामा म्हणाले, "तुम्ही ऱ्हावा ताई." त्यांनी वाळलेली एक बकुळ त्यांच्या डोळ्यांसमोर उपटली, बादली मागवली, गड्डा खुरप्यानं चिरला आणि काळी माती एका तळहातावर, तांबडी दुसऱ्या तळहातावर घेऊन पुढं केली. "हात लावून बगा साहेब. ही ओली. ही कोरडी." पदाधिकाऱ्यांतल्या वयानं मोठ्या गृहस्थांनी खरंच बोट लावलं, मग दोन्ही मातींवर परत परत लावलं. ते शेतकरी घरातले, त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. जाताना त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि शाळेच्या शिपायाला चहा आणायला सांगितलं.

उरलेल्या अडतीस झाडांना सळईची भोकं पाडायला आम्हाला तीन दिवस लागले. नव्या बावीस आत्ताच लावलेल्या नाहीत, त्या आमच्या शेडनेटखाली आहेत, जूनचा पहिला चांगला पाऊस झाला की लावू. आज एप्रिलची वीस तारीख. अडतिसांतल्या एकतीस झाडांना नवी पालवी आहे, तांबूस, बोटभर. पाच जशीच्या तशी आहेत, ना वाळत ना फुटत. दोन गेली. मामा रोज सकाळी त्या पाचांच्या बुंध्याला नख लावून बघतात, आत हिरवं आहे.